सोबत : काही नाही

प्रति,
माननीय भाऊसाहेब,
सज्जा कार्यालय
(गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. वाचकांनी आपापल्या गावाचं घालून वाचावं, पत्र बहुतेक बरोबर पोचेल.)

विषय : 'लाच' आणि 'लुचपत' या दोन शब्दांतला फरक प्रात्यक्षिकासह समजावून दिल्याबद्दल आभार मानण्याबाबत.

संदर्भ : १) आपला तोंडी आदेश, 'उद्या या.'
२) आपला तोंडी आदेश, 'सोमवारी बघू.'
३) आपलं मौन, दिनांक बहुतेक सगळे.

स. न. वि. वि.

मी शाळेत मराठी शिकवतो. बावीस वर्षं झाली. दर वर्षी फळ्यावर दोन रकाने आखतो आणि समानार्थी शब्द लिहून देतो. डोळा म्हणजे नेत्र, झाड म्हणजे वृक्ष, लाच म्हणजे लुचपत. कुणी उलटं लिहिलं, लुचपत म्हणजे लाच, तरी पूर्ण गुण. तुमच्या टेबलासमोर अकरा महिने येरझाऱ्या घातल्यावर कळलं की ते गुण मी फुकट वाटले. ('फुकट' हा शब्द तुमच्या कचेरीच्या संदर्भात वापरल्याबद्दल क्षमस्व.)

या दोन शब्दांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, तेही तुमच्याच भिंतीवर. नियमाप्रमाणे तुमच्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फलक आहे. 'लाच देणे व घेणे हा गुन्हा आहे', आणि खाली मदतीचा क्रमांक १०६४. पण फलकासमोर तुमचं लोखंडी कपाट असं उभं आहे की 'हा गुन्हा आहे' हे तीन शब्द आणि तो क्रमांक कपाटामागे जातात. उरतं ते 'लाच देणे व घेणे'. बाकावर बसून वाचलं की एखाद्या दुकानाची पाटी वाटते. 'झेरॉक्स काढणे व लॅमिनेशन करणे', तसं. कपाट कुणी सरकवलं हे मी विचारणार नाही. कपाट जड आहे, आणि जड वस्तूंची जागा तुम्हाला चांगली कळते.

तिथे बसल्या बसल्या मास्तरी प्रश्न पडला. त्या खात्याच्या नावात दोन शब्द कशाला? मराठीला एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून बोलायची हौस आहे. कागदपत्र, बाजारहाट. लाचलुचपत त्यातलंच असेल, असं मी धरून चाललो होतो. पण एक गोष्ट खटकत राहिली. लाच एकटी फिरते. 'लाच घेतली', 'लाच मागितली', 'लाचखोर'. लुचपत मात्र एकटी घराबाहेर पडताना फारशी दिसत नाही. पुढे लाच हवी, मागे ही. पुढची पकडली जाते, तिचं नाव पेपरात येतं. मागची तशीच चालत राहते, आणि तिचा अर्थ कुणी विचारत नाही.

आधी पुढचीची ओळख करून देतो. तुमचा तिच्याशी परिचय आहेच, पण घराणं माहीत नसेल. संस्कृतात 'लञ्चा' असा शब्द आहे, अर्थ तोच. जुन्या मराठीत तो 'लांच' असा, डोक्यावर टिंब देऊन लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारनं १९६२ साली स्वीकारले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि त्या लाटेत लाचेवरचं टिंबही गेलं. साठाहून जास्त वर्षांत लाचेतून कमी झालेली एवढी एकच गोष्ट मला माहीत आहे. हे टिंब लक्षात ठेवा, भाऊसाहेब, पुढे लागणार आहे.

आता आपलं प्रकरण. वडील गेले. चार एकर जमीन, त्यातली दीड पड. सातबाऱ्यावर आईचं, बहिणीचं आणि माझं नाव लागायला हवं होतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ सांगतो की असा हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तुम्हाला कळवायचं. आम्ही चाळिसाव्या दिवशी कळवलं. पुढचं काम तुमचं. नमुना सहा-क मध्ये वारस घ्यायचे, नमुना सहा मध्ये फेरफार टाकायचा, संबंधितांना नोटीस काढायची, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकाऱ्यांची सही. आमच्याकडे हरकत घेणारं कुणी नव्हतं. भावकीतला एक जण घेईल असं वाटलं होतं, पण त्याचीही फाइल तुमच्याकडेच अडकलेली, त्यामुळे तो माझ्याशी फार प्रेमानं वागत होता.

पहिल्या दिवशी तुम्ही अर्ज हातात घेतला, न उलगडता त्याची जाडी पाहिली आणि विचारलं, "सोबत काय?"

मी म्हणालो, "मृत्यूचा दाखला."

"आणि?"

"वारसांचं प्रतिज्ञापत्र, तिघांची आधार कार्डं, चालू सातबारा, आठ-अ."

"आणि?"

मी पिशवीत हात घातला. रेशन कार्डाची प्रत होती, ती काढली. लाइट बिल होतं, ते काढलं. शेवटी माझा शाळेचा डबा निघाला. तुम्ही डब्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "शिकवता ना तुम्ही? मग बघा." आणि फाइल त्या ढिगात ठेवलीत, जिथून फायली बाहेर यायला पुन्हा जन्म घ्यावा लागतो.

'बघा.' दोन अक्षरं. मी दहावीच्या वर्गाला व्यंजना शिकवतो आणि दर वर्षी तीच जुनी उदाहरणं देतो. यंदापासून हे देणार आहे.

'बघा'चा अर्थ बाहेर कळला. झेरॉक्सच्या दुकानात तुमचे ते बसतात. सरकारी पगारपत्रकात नाव नाही, तरी दप्तराच्या किल्ल्या त्यांच्याकडे. लोक त्यांना 'झिरो तलाठी' म्हणतात. सरकारनं मध्यंतरी तलाठ्याचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं, पण झिरोचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. तसा हिशेब बरोबरच आहे. एकट्या शून्याला किंमत नसते, तुमच्या शेजारी बसलं की दहापट होते. झिरोंनी झेरॉक्स मोजता मोजता सांगितलं, "सर, दोन हजारांत होतंय. त्यातलं भाऊसाहेबांना काय, वर काय, ते आमचं आम्ही बघतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका." इतकी आपुलकी मला विमा एजंटानंही दाखवलेली नाही.

तर ही झाली लाच. तिला आकडा असतो, दिवस असतो, देणारा, घेणारा आणि एक काम असतं. तिचं व्याकरण पक्कं आहे, म्हणून कायद्यालाही ती वाचता येते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८. त्याचं कलम ७ घेणाऱ्यासाठी, तीन ते सात वर्षं कैद. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कलम ८ देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत आत बसवू शकतं. ज्याच्याकडून बळजबरीनं घेतली त्याला वाचायची वाट एकच, सात दिवसांत तक्रार करायची. आणि सापळा लागला तर मराठीतला एक वाक्प्रचार अक्षरशः खरा होतो. पंचांसमोर नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पांढरी पूड लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. रंगेहाथ! भाषेनं आधी म्हणून ठेवलं, रसायनशास्त्रानं नंतर सिद्ध केलं.

मी दोन हजार दिले नाहीत. यात शौर्य नाही. अकरा महिने हेलपाटे घालायला मला मे महिन्याची आणि दिवाळीची सुटी होती. ज्याला मजुरी बुडवून यावं लागतं, त्यानं दोन हजार दिले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. चार खाड्यांत तेवढे जातातच. तुमचा दर ठरवणारा माणूस हुशार आहे, लोकांच्या खाड्यांपेक्षा तो थोडासाच स्वस्त ठेवतो.

अर्जाची पोच, स्मरणपत्र, वरच्या साहेबांना प्रत, लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा उल्लेख असं करत करत अकराव्या महिन्यात फेरफार मंजूर झाला. (त्या कायद्यात विनाकारण उशीर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. तुमच्यासारख्यांचा चिल्लर वर्गात समावेश केल्याबद्दल मी शासनाच्या वतीनं दिलगीर आहे.) सातबारा मोबाइलवर उघडला. बहिणीचं नाव बरोबर. माझं बरोबर. आईच्या नावातला अनुस्वार गायब.

लाचेवरचं टिंब काढायला साहित्यिकांना चर्चा कराव्या लागल्या, नियम करावे लागले. आईच्या डोक्यावरचं तुम्ही एका बोटानं उडवलंत. आता बँकेत आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. पीककर्जाचा अर्ज परत. लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल अधिनियमातच कलम १५५ आहे. आदेश तहसीलदारांचा, पण आधी तुमचा अहवाल लागतो. मी पुन्हा अर्ज घेऊन आलो. तुम्ही म्हणालात, "किरकोळ आहे हो, सर." मग जाडी पाहिलीत. "सोबत काय?"

बाहेर झिरोंनी टिंबाचा दर सांगितला, पाचशे. मी मराठीचा मास्तर. आयुष्यभर टिंबं लाल शाईनं फुकट देत आलो. एका टिंबाला पाचशे मिळतात हे आधी कळतं, तर शाळेच्या बोळात बंगला झाला असता.

त्या 'किरकोळ' शब्दानं मात्र मला घरी नेलं. वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावर ट्रंकेत होत्या. लाल पुठ्ठ्याच्या, उभ्या आखणीच्या. एका चुकीचा पुरावा शोधायला उघडल्या आणि रात्रभर मिटता आल्या नाहीत. बियाणं, युरिया, नांगरट, मजुरी, डिझेल, सगळं पैशापर्यंत लिहिलेलं. सुतळीचा तोडासुद्धा. आणि प्रत्येक वर्षात, कधी दोनदा, कधी पाचदा एक नोंद. 'किरकोळ १०.' 'उतारा, किरकोळ २०.' 'विहीर नोंद, किरकोळ १५०.' मग आकडे नसलेल्या. 'भाऊसाहेब, हुरडा.' 'भाऊसाहेब, आंबे १ पेटी.' 'नवे भाऊसाहेब, ओळख, कोंबडी १.' भाऊसाहेब बदलत गेले, पेनची शाई बदलत गेली, वडिलांचं अक्षर थरथरायला लागलं, 'किरकोळ' बदललं नाही. 'लाच' हा शब्द साऱ्या वह्यांत एकदाही नाही. आणि ज्याच्यासाठी हे दिलं त्यातलं एकही काम बेकायदा नव्हतं. सगळी हक्काची.

कोंबडीच्या नोंदीपाशी मी थांबलो. तिथे तर कामसुद्धा नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. फक्त ओळख.

सकाळी आईला विचारलं. ती गोठ्यात होती. म्हणाली, "द्यायचेच असतात. गाय तरी वासरानं तोंड लावल्याशिवाय पान्हा सोडती का? थांब जरा, त्याला लुचू दे." आणि खुंट्याचं वासरू सोडलं. त्यानं कासेला दोन ढुशा दिल्या, सड तोंडात धरला आणि लुचायला लागलं. गायीनं डोळे मिटले.

मी तिथेच उभा राहिलो, भाऊसाहेब. लुचणं. लुचपत.

हे माझं व्युत्पत्तिशास्त्र गोठ्यातलं आहे. कोशकारांची हरकत असेल तर त्यांनी पंधरा दिवसांत घ्यावी, नाहीतर नोंद मंजूर समजण्यात येईल. पण तुमच्या कचेरीत मला जे समजत नव्हतं ते त्या कासेखाली समजलं. लाच हा व्यवहार आहे. एकदा होतो, संपतो, दोघांनाही आकडा पाठ असतो आणि दोघांच्याही पोटात थोडी भीती असते. लुचपत ही सवय आहे. तिला आकडा नाही, पावती नाही, भीतीही नाही. लुचणारं वासरू कधी म्हणत नाही, मला एवढं लिटर दे. ढुशी देतं. पुढचं गाय करते.

म्हणून तुम्ही कधी मागत नाही. 'बघा', 'सोबत काय', 'सोमवारी या' या सगळ्या ढुशा आहेत. कायदा बिचारा मागणी शोधतो. मागणी आणि स्वीकार सिद्ध झाल्याशिवाय लाचेचा गुन्हा उभा राहत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की तक्रारदार उलटला किंवा मरण पावला तरी मागणी परिस्थितिजन्य पुराव्यानं सिद्ध होऊ शकते. चांगलं झालं. तुमची कोंबडी आणि हुरडाही कायद्याला चालत नाही बरं का. 'अनुचित लाभ' पैशापुरता नसतो, असं कायद्यातच स्पष्ट आहे. अडचण एवढीच की तक्रार कुणी करायची? वडील तक्रार करणार नव्हते. त्यांच्या लेखी तक्रारीसारखं काही घडलंच नव्हतं. ते 'किरकोळ' होतं.

आणि एक सड आटला की दुसरा असतोच. पूर्वी साध्या उताऱ्यासाठी वीस रुपये किरकोळ जायचे. आता डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. तिथली लाच सरकारनं खरोखर बंद केली, माझा सलाम. पण उतारा छापणं यंत्र करतं, उताऱ्यावर नाव चढवायची वाट अजून तुमच्या टेबलावरून जाते. वासरानं सड बदलला. एवढा समंजसपणा मुकी जनावरंही दाखवतात.

पाहिलंत? तुम्हाला पत्र लिहायला बसलो आणि माझ्या बापाच्या वह्यांपाशी येऊन अडकलो. तुम्हाला दोषी ठरवणं सोपं आहे. दोन हजारांवर तुमचं नाव आहे. त्या कोंबडीवर आमचं. ती कुणी पकडून नेली नव्हती, आम्ही पाय बांधून पोचवली होती. तुमच्या आधीच्याला, त्याच्या आधीच्याला. तुम्ही या खुर्चीत बसलात तेव्हा पान्हा आधीच सुटलेला होता. म्हणून तुम्हाला सोडून द्यावं असं नव्हे. वासरू निदान वर्षभरात गवत खायला लागतं. तुमच्या डोक्यावर केस पिकलेत.

मोठं झालं तरी लुचणं न सोडणाऱ्या वासराला काय करतात, तेही आईनं त्याच दिवशी दाखवलं. तोंडाला काटेरी मुसकं बांधतात. वासराचं तोंड बांधलेलं नसतं बरं का. त्याला गवत खाता येतं, पाणी पिता येतं. फक्त कासेला तोंड लावलं की काटे टोचतात. त्याला नाही, गायीला. मग गायच लाथ मारते. १०६४ हे सरकारचं मुसकं आहे. ते बांधून दिलेलं आहे, कपाटामागे का होईना. लाथ मात्र गायीलाच मारावी लागते, आणि आमच्या घराण्यात त्याची सवय नाही. मी शिकतो आहे. अकरा महिने दोन हजार न देणं ही पहिली इयत्ता होती.

दुसरी आजपासून. आईच्या टिंबाचा अर्ज तहसील कचेरीत दिला आहे, पोच घेतली आहे, तुमची प्रत स्पीड पोस्टानं निघाली आहे. वडिलांच्या शेवटच्या वहीची उरलेली पानं मी वापरायला घेतली आहेत. त्यात 'किरकोळ' हा रकाना नाही. तुम्ही किंवा झिरोंनी जे म्हणाल ते मी तारखेसह, तुमच्याच शब्दांत लिहीन. 'बघा' म्हणालात तर 'बघा' असंच. आकडा म्हणालात तर तो घेऊन सातव्या दिवसाची वाट न बघता, त्याच दिवशी, कपाटामागचा क्रमांक फिरवीन. शिवाय शाळा सुटल्यावर विद्यार्थी घेऊन तुमच्या कचेरीत यायचा विचार आहे. मुलं दहावीची, अंगानं भरलेली. चार जण मिळून एक कपाट सहज सरकवतील. फलकावरचं वाक्य पूर्ण वाचून घ्यायचं आहे. अभ्यासक्रमात बसतं.

बाकी क्षेम. मराठी पत्र 'लोभ असावा' म्हटल्याशिवाय संपत नाही. या भाषेची कमाल पाहा, हाव आणि माया दोन्हींसाठी तिनं एकच शब्द ठेवला. 'लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा' असंही लिहायची रीत आहे. तुमच्या बाबतीत मी पूर्वार्धावर थांबतो. लोभ आहेच.

कळावे.

आपल्या खात्यातला,
एक किरकोळ

प्रत माहितीस्तव : आई. (नाव टिंबासह वाचावे.)

सोबत : काही नाही.